शैलाताईंची पाणंद

शैलाताई गेल्याची बातमी माझ्याकडे मागच्या दाराने आली. कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती यायला अजून अर्धा तास होता. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो, मागची कडी वाजली, दार उघडलं तर आमच्याकडे पोळ्या करणारी मंगल. एरवी ती सरळ आत शिरून ओट्यापाशी जाते. त्या दिवशी उंबऱ्याबाहेरच थांबली. "साहेब, बाई गेल्या," एवढंच म्हणाली. कोण बाई, हे विचारायची गरज नव्हती. मंगल सहा घरी काम करते, त्यातल्या पाच घरी 'मॅडम' आहेत, 'बाई' एकच. मी गाळणं हातात धरून तसाच उभा राहिलो... चहा पुरा गार झाल्यावर लक्षात आलं की तो प्यायचा होता.

मग ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. एका सभासदाने श्रद्धांजलीच्या त्याच संदेशात गुरुवारी पाणी येणार नाही, हेही कळवून टाकलं. शैलाताईंना ते आवडलं असतं. एका निरोपात दोन कामं. आज या गोष्टीला सहा आठवडे झाले, आणि मी लिहायला बसलोय ते काही रडगाणं गाण्यासाठी नाही. त्या त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या, आपल्या घरात, आपल्या पलंगावर गेल्या, आणि जिंकून गेल्या. कोणाला हरवून, तर मला. म्हणून हे सांगायचा पहिला मान माझा आहे.

एरंडवण्यातल्या आमच्या कॉलनीबद्दल बाहेरच्यांना इतकंच ठाऊक असतं की इथे झाडं आहेत, बंगल्यांना नावं आहेत आणि इथे जागेचा भाव विचारायचा नसतो, ऐकूनच घरी जायचं असतं. स्वातंत्र्याच्या आधी नारायण पेठेतल्या आणि आसपासच्या काही वकिलांनी, मास्तरांनी, सरकारी नोकरांनी सोसायटी काढली. मुलांना ऊन-वारा मिळावा हा हेतू. गावाकडच्या शेतकऱ्यांकडून ज्वारी-हरभऱ्याची रानं घेतली आणि प्लॉट पाडले. माझे आजोबा त्यातले एक. मंडईतून भाजी घेऊन टांग्यात बसले की टांगेवाला म्हणायचा, "एवढ्या लांब रानात परतीचं भाडं मिळत नाही." त्याच रानात पुढे डॉक्टर आले, कारखानदार आले, मुलं परदेशी गेली आणि गुलमोहर दुमजली घरांहून उंच झाले. आम्ही स्वतःला फार साधं समजतो. गाडी मोठी असली तरी ती झाडाखाली लावायची आणि तिच्यावर कावळे बसू द्यायचे, एवढ्यावर आमचा साधेपणा भागतो.

पण आमच्या प्रत्येक बंगल्याला दोन तोंडं होती, हे कोणी सांगत नाही. पुढे फाटक, तुळस, व्हरांडा आणि पाहुणे. मागे, पाठीला पाठ लावून बसलेल्या दोन रांगांच्या मधोमध बारा फुटी बोळ. घरोघरी टोपलीचे संडास होते तेव्हा मैला उचलणारी माणसं या बोळाने यायची. ती पुढच्या रस्त्याने येऊ नयेत, दिसू नयेत, म्हणून तो बोळ. हे आमच्या आजोबांच्या पिढीने केलं आणि आमच्या बाबांच्या पिढीने त्याबद्दल बोलणं टाळलं. मी शाळेत असताना ड्रेनेज आलं आणि बोळाचं काम संपलं. मग कोणी भिंत चार फूट मागे सरकवली, कोणी कपडे धुवायची मोरी बांधली. माझे वडील वीस-एक वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होते. त्यांनी बोळाच्या दोन्ही टोकांना लोखंडी दारं बसवली, पितळी कुलपं लावली, कारण काय तर सुरक्षितता... आणि आतल्या बाजूने स्वतःचं गॅरेज सहा फूट वाढवलं. किल्ल्या आमच्या कपाटात. बाबांच्या मागे सेक्रेटरीपद माझ्याकडे आलं, किल्ल्याही आल्या.

शैलाताई आमच्या शेजारच्या बंगल्यात लग्न होऊन आल्या तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा होतो. नारायण पेठेतली मुलगी, भूगोलाची पदवी, आणि लग्नानंतर महिन्याभरात मुलींच्या शाळेत नोकरी. सासूबाईंनी विचारलं, शिकवणार काय? तर म्हणाल्या, "जग." मला त्यांनीच टेकडीचा नकाशा वाचायला शिकवलं. समोच्च रेषा म्हणजे काय ते माझ्या डोक्यात शिरत नव्हतं, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातला अर्धा बटाटा आणला, त्याच्या आडव्या चकत्या केल्या आणि एकेक चकती कागदावर ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ मारली. "ही झाली तुझी टेकडी. आता सांग, चढ कुठे अवघड आहे?" रेघा जवळ आल्या तिथे मी बोट ठेवलं. त्या वर्षी मला भूगोलात पहिल्यांदा बरे मार्क पडले. बटाट्याची त्यांनी संध्याकाळी भाजी केली, वाया काही घालवलं नाही.

त्यांचे यजमान मधुभाऊ रसायनशास्त्र शिकवायचे आणि जीव तबल्यात. घरात रियाजाने सगळ्यांची झोपमोड होते म्हणून सासऱ्यांनी बंगल्याच्या मागे त्यांना एक खोली बांधून दिली. शहाबादी फरशी, कौलारू छप्पर, एक खिडकी. सकाळी सहाला तिथून तबल्याचा आवाज सुरू व्हायचा आणि आमच्या घरातले सगळे त्यावर उठायचे, गजराच्या घड्याळाची गरज नव्हती. भाऊ गेल्यावर शैलाताईंनी ती खोली जशीच्या तशी ठेवली. रोज झाडायच्या, डग्गा-तबल्यावरचं कापड महिन्यातून एकदा धुवायच्या. संध्याकाळी तासभर तिथे बसायच्या, दार लोटून. त्या वेळात त्यांच्याकडे जायचं नाही, हे अख्ख्या आळीला माहीत होतं.

आता मुख्य गोष्ट. चारेक वर्षांपूर्वी मंगलला मोठ्या रस्त्यावर दुचाकीने उडवलं. मनगट मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात. मंगल राहते ओढ्यापलीकडच्या वाडीत. पोळ्या, धुणी-भांडी, आजारी म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या आमच्या बहुतेक बायका तिथल्याच. त्या कामाला यायच्या त्या मोठ्या रस्त्याने, वळसा घालून. तिथे फुटपाथवर गाड्या उभ्या, म्हणून चालायचं रहदारीतून. मंगल पडल्यावर आम्ही बंगलेवाल्यांनी हळहळ व्यक्त केली, आठवडाभर डबा मागवला आणि गतिरोधकासाठी अर्ज केला. अर्ज मीच लिहिला होता. भाषा चांगली होती.

त्याच वर्षी कोपऱ्यावरचे तीन बंगले पुनर्विकासाला निघाले. विकासकाचा आराखडा सर्वसाधारण सभेत मंजुरीला आला. आमच्या सभेत बटाटेवडे शेवटी देतात, आधी दिले तर कोरम वड्यांबरोबर निघून जातो. मी आराखडा वाचून दाखवला. त्यात बोळ नव्हताच. बोळाच्या जागी गाड्या लावायची सोय होती. सही झाली की बोळ कागदावरूनही जाणार होता, कायमचा. माझ्या गॅरेजचा प्रश्न त्यात आपोआप सुटणार होता, हेही मी पाहून ठेवलं होतं. कोणाची हरकत? मी विचारलं. मागच्या रांगेतून शैलाताई उभ्या राहिल्या.

"मंगल त्या मोठ्या रस्त्याने का जात होती?"

"शैलाताई, हा विषय आज पत्रिकेवर नाही."

"का जात होती?"

"अहो, दुसरी वाट नाही म्हणून."

"दुसरी वाट आहे, अरविंद. तिची किल्ली तुझ्या कपाटात आहे."

पुढे त्यांनी सोसायटीचा मूळ नकाशा मागितला, पहिल्या सभासदांनी आखून घेतलेला. बोळ कोणाचा, किती रुंद, कुठून कुठवर, ते बघायचं होतं. मी म्हणालो, सापडत नाही, मधे जुन्या दप्तराला वाळवी लागली होती. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला. म्हणाल्या, "तुझ्याकडची वाळवी शिकलेली दिसते. इतिवृत्तं ठेवली, पावत्या ठेवल्या, नेमका नकाशा खाल्ला." सगळे हसले, मीही हसलो. नकाशा आमच्या माळ्यावर पत्र्याच्या नळीत व्यवस्थित होता. हे मी आज पहिल्यांदा लिहून कबूल करतोय. शैलाताईंना ते त्याच क्षणी कळलं होतं, पण पुढे कधी त्यांनी ते मला तोंडावर म्हटलं नाही. बटाटा कापून शिकवलेला मुलगा खोटं बोलतोय, हे बहुधा त्यांना स्वतःलाच ऐकायचं नसावं. मंजुरी पुढच्या सभेवर ढकलली, वडे गार झाले.

नकाशा मिळत नाही ना, मग आपण काढू, असं ठरवून त्यांनी जुन्या विद्यार्थिनींना फोन लावले. पुढच्या रविवारी सकाळी सात जणी हजर. सगळ्या साठीच्या घरातल्या, कोणाच्या डोक्यावर टोपी, कोणाच्या गुडघ्याला पट्टा. शाळेच्या अडगळीतून मिळवलेली मोजणीची साखळी, तिपाईवरची फळी, सुतळी, खुंट्या. सभासदाला पाहणीचा हक्क आहे हे कलम मला तोंडपाठ म्हणून दाखवल्यावर मी अलीकडच्या दाराचं कुलूप काढून दिलं. आत कंबरभर घाणेरी माजली होती. त्या मुलींनी, मुलीच म्हणायचं त्यांना, कोयते चालवले. मी गॅलरीतून पेपर वाचण्याचं नाटक करत होतो. "बाई, प्रमाण काय घ्यायचं?" "एक सेंटीमीटरला एक मीटर. दहावीत झोपली होतीस का?" विचारणारी निवृत्त न्यायाधीश होती, पण मान खाली घालून वहीत लिहून घेतलं. मग खालून हाक आली, "अरविंद, गाडी बाहेर काढ, गॅरेज मोजायचंय." काढली. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

असे तीन रविवार गेले. माझी पत्नी नीला त्यांना दर वेळी पन्हं पाठवत होती, माझी परवानगी न विचारता. नकाशा तयार होत आला आणि तिसऱ्या रविवारी दुपारी शैलाताईंच्या घरामागे मोजणी अडली. इतकी वर्षं शैलाताईंचा पक्का समज होता की त्यांच्या मागच्या बंगल्याने भिंत पुढे आणून बोळ गिळलाय. त्या बंगल्याशी त्यांचं बोलणंही बेताचंच होतं. मोजणीत निघालं उलटं. मागच्यांची भिंत जिथल्या तिथे होती, एक बोटही पुढे नाही. बोळ अडवला होता भाऊंच्या खोलीने. इतरांनी दोन फूट, चार फूट, मी सहा फूट घेतले होते. ही खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत पूर्ण बारा फूट बसली होती. बाबांची कुलपं काढली असती, माझं गॅरेज पाडलं असतं, तरी त्या बोळातून मांजरसुद्धा पलीकडे गेलं नसतं.

संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. चहा नको म्हणाल्या. जुनी इतिवृत्तं मागितली आणि मी दिली, कारण ती वाळवीने खाल्ली नव्हती. त्यात नोंद सापडली. सासऱ्यांनी खोलीसाठी अर्ज केला होता आणि माझ्या वडिलांनी 'बोळाचा उपयोग संपला असल्याने हरकत नाही' असं लिहून सही केली होती. त्यांनी ती नोंद दोनदा वाचली.

"मी पुन्हा मोजलं," त्या म्हणाल्या. "तीनदा मोजलं."

मला मनातून सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला सांगू? मी म्हणालो, "मग शैलाताई, आता विषय मिटलाच म्हणायचा."

"हो, मिटला. उद्या गवंडी येतोय."

सोमवारी खरंच गवंडी आला. डग्गा-तबला भाऊंचा एक शिष्य रिक्षातून घेऊन गेला. पुस्तकं, खुर्ची, भिंतीवरचं घड्याळ घरात गेलं. शैलाताई अंगणात छत्री घेऊन स्टुलावर बसल्या होत्या. गवंड्याने पहार उचलली तेव्हा त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि आत गेल्या. रिकाम्या खोलीत. दार लोटून घेतलं. आम्ही सगळे बाहेर उभे, मी माझ्या गॅलरीत. पाच मिनिटं गेली असतील, दहाही असतील... बाहेर आल्या, चेहरा नेहमीसारखा, फक्त नाक लाल. "कौलं नीट उतरवा, फोडू नका, कुणाच्या तरी उपयोगी पडतील," म्हणाल्या आणि पुन्हा स्टुलावर बसल्या. पहिली वीट पडली तेव्हा मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी सत्तर वर्षांत कधी वाटली नव्हती. आयुष्यभर जपलेली एकच खोली ती बाई दिवसाढवळ्या पाडून घेत होती, आणि मी एका गाडीच्या शेडसाठी नकाशा दडवून बसलो होतो. मी शिडी लावली आणि माळ्यावर चढलो.

पत्र्याची नळी घेऊन गेलो तेव्हा मंगलही तिथे होती, प्लास्टर नुकतंच निघालेला हात घेऊन विटा बाजूला करत. शैलाताईंनी नळीवरची धूळ पाहिली, माझ्या कपड्यांवरचं जाळं पाहिलं. "वाळवीने परत केला वाटतं," म्हणाल्या. बस. आम्ही तो कापडी नकाशा स्टुलावर पसरला. सुंदर हाताने काढलेला, प्लॉट काळ्या शाईत, झाडं हिरव्या. बोळाच्या जागी मात्र लाल शाईत दोन तुटक रेघा होत्या, त्या कॉलनीच्या हद्दीवर थांबत नव्हत्या, थेट ओढ्यापर्यंत गेल्या होत्या. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'गावची पाणंद. कायम ठेवणे.'

मी सेक्रेटरी, सेक्रेटरीचा मुलगा, आणि ते अक्षर मी कधी वाचलंच नव्हतं. शैलाताईंनी ते मोठ्याने वाचलं. मंगल वाकून बघायला लागली. तिला नकाशा कळत नव्हता, पण शब्द कळला. "माझी आजेसासू म्हणायची," ती म्हणाली, "हितनं पाणंद व्हती, बैलगाडी जायची. वड्यापस्तोर. आमी म्हणायचो, म्हातारी कायबी बोलती." बोळ मैला वाहणाऱ्यांसाठी आम्ही केला, अशी आमची समजूत होती. बोळ आम्ही केलाच नव्हता. शेतांमधून गाड्या जायच्या ती गावाची वाट आमच्या आधीपासून होती. आम्ही तिच्या दोन्ही बाजूंना बंगले बांधले, तिच्यावरून माणसांना चोरून यायला लावलं आणि शेवटी तिला कुलूप ठोकलं. शैलाताई बराच वेळ त्या लाल रेघांवर बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "अरविंद, सभा बोलव."

ती सभा अजून आठवते. वडे आधी दिले, तो माझा निर्णय. विकासकाचे वकील आले होते, पाणंद म्हणजे काय ते त्यांना मराठीतून समजावावं लागलं. दोन नकाशे शेजारी शेजारी टांगले होते, एक कापडी, एक साठीतल्या मुलींनी काढलेला, आणि एकावर एक ठेवले असते तर रेघेला रेघ जुळली असती. एका सभासदाने उठून विचारलं की बोळ उघडला तर चोर येतील, त्याचं काय. शैलाताई म्हणाल्या, "आपण सगळे आत आहोतच की, अजून कोण यायचं राहिलंय?" त्यावर हात वर करायला सांगितलं. मोजणारा मी. आधी माझा वर गेला, मग नीलाचा, मग मागच्या बंगल्यातल्या त्या गृहस्थांचा, ज्यांच्यावर शैलाताईंनी इतकी वर्षं संशय घेतला होता. शेवटी इतके हात वर झाले की मोजायचं सोडून दिलं. आराखडा परत गेला, पालिकेची रीतसर मोजणी झाली, आणि पुढच्या महिन्यात इतरांच्या भिंती-मोऱ्यांबरोबर माझं गॅरेज पडलं. कावळे आता माझ्याही गाडीवर बसतात.

कुलूप काढायचा दिवस मात्र माझ्या फजितीचा. ओढ्याकडच्या दाराचं कुलूप इतक्या वर्षांत उघडलंच नव्हतं, बाबांची किल्ली फिरेना. तेल घातलं, ठोकलं, शेवटी वाडीतल्या एकाने करवतीने कापलं. दार करकरत उघडलं. पलीकडे वाडीतल्या बायका जमल्या होत्या, अलीकडे आम्ही. सगळे म्हणाले, शैलाताई, आधी तुम्ही. त्या बाजूला झाल्या.

"मंगल, तू चल."

"बाई, तुमी चला की म्होरं."

"वाट तुमची आहे. मी मागून येते."

मंगल गेली. मागून शैलाताई, मागून सगळी वाडी, पार दुसऱ्या टोकापर्यंत. भाऊंच्या खोलीची शहाबादी फरशी त्यांनी काढू दिली नव्हती, ती अजून तिथेच आहे, वाटेचाच भाग झाली आहे. तिच्यावरून चालताना शैलाताई थांबल्या नाहीत. त्यांचं ते चालणं मी जन्मात विसरणार नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण मला वाजवाव्याशा वाटल्या.

त्यानंतर दर रविवारी सकाळी एक कार्यक्रम सुरू झाला. टेप सेक्रेटरीकडे असते आणि सेक्रेटरीवर विश्वास नाही, असं जाहीर करून शैलाताईंनी आपल्या चपलेचं माप ठरवलं. बोळाच्या एका भिंतीला टाच लावायची, मग टाचेला अंगठा, अंगठ्याला टाच, असं दुसऱ्या भिंतीपर्यंत. ऐंशीच्या पुढची बाई, एक हात मंगलच्या खांद्यावर. पंधरा चपला आणि वर चार बोटं. चार ठिकाणी मोजायच्या, मोठ्याने. कोपऱ्यावर नवी इमारत उभी राहिली, तिच्या जाहिरातीत आमच्या बोळाला 'निवांत हरित मार्ग' म्हटलं होतं आणि त्या बाजूच्या फ्लॅटना चढा भाव लावला होता. ते वाचून शैलाताईंना हसू आवरेना. पण मापणं सोडलं नाही. "माणसं वाईट नसतात," म्हणायच्या, "दर वर्षी दोन बोटं सरकतात फक्त."

शेवटचं भेटलो ते त्या जायच्या दोन दिवस आधी. रविवार होता, त्यांना उठवत नव्हतं. मी पलंगाजवळ बसलो. डोळे मिटलेले. मला वाटलं झोपल्या.

"मोजलंस?"

"मोजलं, शैलाताई. पंधरा."

"आणि?"

"चार बोटं."

"टेपने मोजलं असशील," म्हणाल्या. खरंच टेपने मोजलं होतं.

तेराव्याला त्यांची मुलगी बंगळुरूहून आलेली होती. आईच्या साड्या काढून तिने मंगलपुढे ठेवल्या, नऊवारी, पैठणी, जी हवी ती घे म्हणाली. मंगलने साड्यांना हात लावला नाही. "मला चपला द्या," म्हणाली. मुलगी ओशाळली, जुन्या आहेत, टाच झिजलीये, नवीन घेऊन देते म्हणाली. मंगल ऐकेना. "नव्या नगंत. त्या मापाच्या हायती." मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, दे तिला.

गेल्या आठवड्यात नव्या इमारतीतल्या लोकांनी बोळात कुंड्या मांडल्या. सिमेंटच्या, जड, शोभेच्या झाडांच्या, भिंतीला लागून एक रांग. दिसायला छानच. सोमवारी सकाळी मागची कडी वाजली. मंगल दारात, एका हातात शैलाताईंच्या चपलांची जोडी, पायात स्वतःच्या. "साहेब, चौदाच भरत्यात." मी सदरा चढवला आणि निघालो. तिथे इमारतीतला एक तरुण होता, हसतमुख, गोड. म्हणाला, "अंकल, इट्स जस्ट डेकोर. कुणाला त्रास नाही ना होत?" मंगल खाली बसली, भिंतीला टाच टेकवून एक चप्पल ठेवली, पुढे दुसरी, मग मागची उचलून पुढे, अशी हाताने मोजत गेली आणि चौदावीनंतर कुंडीवर टकटक केलं. तोवर कामावर जाणाऱ्या आठ-दहा जणी थांबल्या होत्या, पिशव्या खाली ठेवून. कोणी भांडलं नाही. त्या मुलाने आमच्याकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, आणि आपण कशाच्या मधे आलोय ते त्याला कळलं असावं. मी सेक्रेटरीच्या आवाजात म्हणालो, "उचला." त्याने स्वतः एका कुंडीला हात घातला, मी दुसरीला, आणि सत्तरीत ते माझ्या पाठीला मुळीच झेपणारं नव्हतं.

शेवटची कुंडी आत गेली तेव्हा मंगलने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. भिंतीला टाच, टाचेला अंगठा. बायका तिच्याबरोबर ओठांत आकडे म्हणत होत्या. पंधरावी चप्पल ठेवून तिने पुढे हात आडवा धरला, भिंत आणि चपलेच्या मधे, आणि मान वर न करता म्हणाली, "आन् चार बोटं."